पट्ट्या बांधून भेदभाव ‘शिकवायचा’ का? जरा सविस्तर सांगते

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही न्यू जर्सीत रविवारच्या मराठी शाळेत १२ ते १४ वयाच्या २२ मुलांना शिकवता. वर्गातल्या एका सावळ्या मुलीला दोन मुलगे रंगावरून चिडवतात, आणि हेच दोघं त्यांच्या रोजच्या शाळेतल्या ब्लॅक मुलांबद्दल मराठीतून वाट्टेल ते बोलतात कारण समोरच्याला कळत नाही. तुम्ही निळे डोळे-तपकिरी डोळेवाली क्लिप बघितलीत आणि ठरवलंत की एका रविवारी अर्ध्या वर्गाच्या हाताला पट्ट्या बांधायच्या, त्यांना तीन तास कमी लेखायचं, म्हणजे कसं वाटतं ते सगळ्यांना कळेल. पालकांना आधी सांगायचं नाही, नाहीतर परिणाम जाईल. तर करू का, असं विचारलंय.

या स्वरूपात नका करू. पण असले प्रयोगच वाईट असंही मी म्हणणार नाही, कारण मी स्वतः ते करते. मी मूळची साताऱ्याची, गेली १८ वर्षं मिनेसोटात सरकारी मिडल स्कूलमध्ये समाजशास्त्र शिकवते, आणि शिक्षकांसाठी याच विषयाची ट्रेनिंगही घेते. कधी करायचं, कोणाबरोबर करायचं, नंतर किती वेळ बोलायचं यावर सगळं अवलंबून आहे, म्हणून उत्तर लांबणार आहे, समजून घ्या.

आधी त्या क्लिपबद्दल, कारण ती पाच मिनिटांची असते आणि महत्त्वाचं सगळं कापलेलं असतं. जेन इलियट ही आयोवातल्या राइसव्हिल नावाच्या छोट्याशा शेतकरी गावातली तिसरीची शिक्षिका. ४ एप्रिल १९६८ ला मेम्फिसमध्ये ब्लॅक लोकांच्या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंगना गोळी घालून मारलं, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी हिने वर्गात डोळ्यांच्या रंगावरून दोन गट पाडले. दोनच महिन्यांपूर्वी, फेब्रुवारीत, याच वर्गाने किंगना ‘महिन्याचा हीरो’ म्हणून निवडलेलं, त्यामुळे पोरं विचारत होती की त्यांना का मारलं. वर्गात सगळी गोरी मुलं, गावही सगळं गोरं, ब्लॅक माणूस बहुतेकांनी फक्त टीव्हीवर बघितलेला. तिने सांगितलं की मेलॅनिनमुळे डोळ्यांना रंग येतो आणि अक्कलही त्यानेच ठरते, जे अर्थातच खोटं होतं. मग एका गटाला मधल्या सुट्टीत पाच मिनिटं जास्त, दुसऱ्या गटाने पाण्याच्या नळाला तोंड लावायचं नाही, कागदी कप घ्यायचा, असले नियम. आणि मग गट उलटे केले.

१९७० मध्ये तिने पुन्हा केलं तेव्हा टीव्हीवाल्यांनी चित्रीकरण केलं, तुम्ही बघितलेली क्लिप बहुतेक त्यातलीच. त्यातला एक तुकडा मी दर वर्षी शिक्षकांना दाखवते. गळ्यात कमीपणाची खूण म्हणून कापडी पट्टा घातलेल्या तपकिरी डोळ्यांच्या मुलांना वाचनाच्या कार्डांचा एक गठ्ठा संपवायला साडेपाच मिनिटं लागली, आणि दुसऱ्या दिवशी पट्टा निघाल्यावर त्याच मुलांनी तसलाच गठ्ठा अडीच मिनिटांत संपवला. पोरं तीच, कार्डं तशीच, फक्त पट्टा नव्हता. हे बघून अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

आता क्लिपमध्ये काय नसतं ते बघा. ती बाई त्या मुलांची रोजची शिक्षिका होती, वर्षभर, सकाळपासून दुपारपर्यंत. मुलांचा तिच्यावर विश्वास होता, कोण घरी जाऊन रडेल हे तिला माहीत होतं, आणि दुसऱ्या दिवशी सावरायला ती तिथेच होती. दोन्ही गट दोन्ही बाजूंना जाऊन आले. मुलांनी त्यावर लिहिलं, भरपूर बोलणं झालं. तुम्हाला ही मुलं आठवड्यातून तीन तास भेटतात, त्यातला अर्धा तास स्नॅक आणि प्रार्थनेत जातो. तीन तास कोणाला तरी खाली दाबून तुम्ही त्याला गाडीत बसवून घरी पाठवणार आणि पुढची भेट सात दिवसांनी. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

आणि तिच्या वर्गात एकही मूल असं नव्हतं की जे हा भेदभाव खरोखर रोज भोगत होतं. तुमच्या वर्गात आहे.

यावरून माझीच एक गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. शिकवायला लागून दुसरं-तिसरं वर्ष असेल, मीही तुमच्यासारखीच भारावून गेलेले. २७ मुलांचा वर्ग, नारिंगी आणि जांभळ्या पट्ट्या, चिठ्ठ्या टाकून गट. वर्गात तीन ब्लॅक मुली होत्या, त्यातल्या दोघी चिठ्ठीने खालच्या गटात गेल्या. मला वाटलं नशिबाने झालंय म्हणजे न्याय्य झालंय. २० मिनिटांनी त्यातली एक बाथरूमला जाते म्हणून गेली ती घंटा होईपर्यंत आली नाही. नंतरच्या चर्चेत गोरी मुलं भरभरून बोलली, एक-दोघं रडलीसुद्धा, आणि मला वाटलं काय जबरदस्त तास झाला. संध्याकाळी त्या मुलीच्या आईचा फोन. आवाज अजिबात चढवला नाही तिने. एवढंच विचारलं की मिस, आजच्या तासात माझ्या मुलीने नवीन काय शिकणं अपेक्षित होतं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्या मुलीची दुसऱ्या दिवशी माफी मागितली, तिने मान डोलावली, पण वर्षभर ती माझ्या तासाला मागच्या बाकावरच बसली.

त्या फोनने माझं शिकवणं बदललं. भेदभाव सोसणं कसं वाटतं ते कळायला हवं, असं आपण धरून चालतो. पण ज्याला ते माहीत आहे त्याला या खेळातून नवीन काही मिळत नाही, जुनी जखम फक्त पुन्हा उघडते. आणि ज्याला माहीत नाही त्याला तीन तासांत कळतं असं म्हणणं खोटं आहे, कारण त्याला ठाऊक असतं की १ वाजता पट्टी सुटणार. रेसिझम म्हणजे नुसतं वाईट वाटणं नाही ना. १९३० च्या दशकात इथल्या सरकारी नकाशांवर ब्लॅक वस्त्या लाल रंगाने दाखवल्या आणि त्या वस्त्यांत घरासाठी कर्ज मिळणं मुश्किल झालं, आजोबाला घर घेता आलं नाही म्हणून नातवाच्या वाट्याला काही आलं नाही, हे कुठल्या पट्टीत बसवणार तुम्ही? आणि एक तास पट्टी बांधलेलं मूल जर नंतर म्हणालं की ‘आता मला कळलं ब्लॅक असणं काय असतं’, तर ते अज्ञानापेक्षा वाईट आहे, मी ऐकलंय हे वाक्य माझ्या वर्गात.

मग या प्रयोगातून खरं काय शिकता येतं? वरच्या गटाबद्दल शिकता येतं. चांगली, लाघवी पोरं पंधरा मिनिटांत कशी तोऱ्यात येतात, फुकट मिळालेलं आपल्या हुशारीने मिळालं असं कसं मानायला लागतात, आणि अन्याय दिसत असून गप्प कशी बसतात. हे इलियटबाईंच्या वर्गातही दिसलं, माझ्याकडे दर वेळी दिसतं. म्हणून मी आता सगळी रचना वरच्या गटाभोवती करते. खालच्या गटाला यातना द्यायची गरजच नसते.

परिणामाबद्दलही सांगते, कारण क्लिप बघून वाटतं जादूच आहे. कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर याचा अभ्यास झालाय. १९९० मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात जवळजवळ सगळे म्हणाले की अनुभव मोलाचा होता, पण मोजून बघितलं तर पूर्वग्रह कमी झाल्याचा पुरावा बेताचाच निघाला, आणि भाग घेणारे तर सोडाच, प्रयोग घेणाऱ्यालाही ताण आला. २००३ च्या दुसऱ्या एका अभ्यासात गोऱ्या विद्यार्थ्यांचं आशियाई आणि लॅटिनो लोकांबद्दलचं मत सुधारलं, ब्लॅक लोकांबद्दल जेमतेम, आणि स्वतःच्या मनात पूर्वग्रहाचा विचार आला की स्वतःवरच चिडण्याचं प्रमाण वाढलं. आता ही चीड माणसाला सुधारूही शकते किंवा ‘जाऊ दे, हा विषयच नको’ असंही करू शकते. १९८४ मध्ये इलियटबाईंच्या त्या १९७० च्या वर्गातली मुलं मोठी होऊन परत भेटायला आली, फार सुंदर बोलली. पण १६ पैकी ११ आली होती, न आलेल्या पाचांना काय वाटत होतं ते आपल्याला ऐकायला मिळत नाही, हे मी स्वतःला नेहमी बजावते.

बरं, मग मी काय करते. पट्ट्या बंद केल्या. त्याऐवजी चिप्सच्या अदलाबदलीचा खेळ घेते. मूळ कल्पना स्टारपॉवर नावाच्या खेळाची, १९६९ मध्ये गॅरी शर्ट्स यांनी केलेला, मी तो वर्गासाठी लहान करून घेतलाय. तीन गट, प्रत्येकाला बंद पाकिटात रंगीत चिप्स, रंगाप्रमाणे किंमत वेगळी. चिप्स एकमेकांत बदलून जास्तीत जास्त गुण करायचे. मुलांना वाटतं पाकिटं सारखी आहेत, पण एका गटाच्या पाकिटात महागाच्या चिप्स मुद्दाम जास्त घातलेल्या असतात. दोन फेऱ्या झाल्या की तो गट साहजिकच पुढे असतो, मग तुम्ही म्हणायचं, वा, तुम्ही छान खेळलात, आता पुढच्या फेरीचे नियम तुम्हीच बनवा. एवढंच. बाकी तुम्हाला काही करावं लागत नाही. कोणाला टाकून बोलायचं नाही, कोणाच्या शरीराकडे, नावाकडे बोट दाखवायचं नाही. वरचा गट स्वतःहून असे नियम करतो की पहिलेच वर राहावेत. मी इतक्या वर्षांत फक्त दोन वर्ग असे बघितले जिथे वरच्या गटाने चिप्स वाटून टाकल्या.

खेळ २५ मिनिटं, त्यानंतर बोलणं कमीत कमी ५० मिनिटं. हे प्रमाण उलटं करू नका, वेळ कमी असेल तर खेळ कापा. खेळ संपला की मी हातातली शिट्टी टेबलावर ठेवते, खुर्ची गोलात ओढते, आणि स्पष्ट सांगते की खेळ संपला, पाकिटं मी मुद्दाम वेगळी भरली होती, कोणीही हुशार किंवा मठ्ठ म्हणून जिंकलं-हरलं नाही. मग पाच मिनिटं प्रत्येकाने गप्प बसून कागदावर लिहायचं, कारण लगेच बोलायला लावलं की चार वाचाळ पोरंच बोलतात. आणि पहिला प्रश्न मी वरच्या गटाला विचारते, पाकिटं सारखी नाहीत अशी शंका पहिल्यांदा कधी आली आणि आल्यावर काय केलंस? गेल्या वर्षी एका मुलाने लिहिलं होतं, ‘मला दुसऱ्या फेरीतच कळलं होतं पण मी ठरवलं की मला कळलेलं नाही’. तेरा वर्षांचा मुलगा! बाकीचा तास आम्ही त्या एका वाक्यावर बोललो. त्या दिवशीपुरतं माझ्या मनातलं सगळं प्लॅनिंग मी बाजूला ठेवलं.

पालकांना न सांगण्याबद्दल. दोन आठवडे आधी लेखी कळवाच, त्यात खेळात काही मुद्दाम अन्याय्य असेल हेही लिहा, फक्त मुलांना तपशील सांगू नका म्हणावं. मुलांनाही सुरुवातीला सांगा की आजचा खेळ थोडा त्रासदायक वाटू शकतो, कोणालाही कधीही उठून बाजूला बसता येईल, कारण विचारणार नाही. परिणाम जाईल अशी भीती मलाही होती. जात नाही, दहा मिनिटांत पोरं सगळं विसरून चिप्सवरून भांडायला लागतात. आणि खोलीत दुसरी मोठी व्यक्ती हवीच, जी खेळात नाही, नुसती बघतेय. माझ्या वर्गातली ती मुलगी बाथरूममध्ये गेली तेव्हा तिच्यामागे जायला कोणी नव्हतं.

आणखी दोन गोष्टी चुकूनही करू नका. एक म्हणजे खऱ्या इतिहासाचं नाटक. गुलामांचा लिलाव, जहाजाचा तळ, असलं वर्गात करून दाखवण्याचे प्रकार इथल्या शाळांत झालेत आणि मुलांना अपमानाशिवाय त्यातून काही मिळालं नाही. ज्यूंच्या हत्याकांडाबद्दल वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट म्युझियमही शिक्षकांना असले प्रसंग उभे करू नका असंच सांगतं. दुसरं, मराठी वर्ग आहे म्हणून कोणाला सुचेल की जातीवरून गट करू. अजिबात नको. आपल्याकडे आडनाव विचारलं की लोक अंदाज बांधतात, आणि इथे वाढणाऱ्या काही मुलांना घरून सांगितलेलं असतं की फार बोलू नकोस या विषयावर. कोण कुठल्या बाकावर काय लपवून बसलंय हे तुम्हाला माहीत नाही.

जातीबद्दल बोलायचंच नाही असं मात्र नाही, उलट मराठी शाळेत ते वाचनातून फार चांगलं करता येतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, का तर त्यांनी गुलामगिरी संपवली म्हणून. पुण्यात बसून! आणि किंग १९५९ मध्ये भारतात आले होते तेव्हाचा एक प्रसंग त्यांनीच पुढे १९६५ मध्ये अटलांटाच्या चर्चमध्ये सांगितला. त्रिवेंद्रमच्या एका शाळेत, जिथे अस्पृश्य घरांतली मुलं शिकत होती, मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख करून दिली ती अमेरिकेतले एक अस्पृश्य बांधव अशी. किंगना आधी धक्का बसला, रागही आला, मग आपल्या लोकांची स्थिती डोळ्यांसमोर आणली आणि म्हणाले, हो, मी अस्पृश्य आहे. ही गोष्ट मी मराठी मंडळाच्या मुलांना दोनदा सांगितलीये. एक मुलगी म्हणाली, म्हणजे तिथल्या वरच्या पाकिटवाले आपण होतो का? काही पालकांना तो प्रश्न आवडला नाही. मला तो त्या दिवसातला सगळ्यात खरा प्रश्न वाटला.

तुमच्या गावचा इतिहासही तुमच्या हाताशी आहे. १९८७ मध्ये जर्सी सिटीच्या पेपरात ‘डॉटबस्टर्स’ अशा नावाने पत्र छापून आलं होतं की भारतीयांना इथून घालवण्यासाठी आम्ही कुठल्याही थराला जाऊ. डॉट म्हणजे आपल्या आया लावतात ती टिकली. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाची आजी तेव्हा तिथे राहत असेल, तिला बोलवा. आणि त्याच्याच जोडीला हेही सांगा की १९२३ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीय माणूस ‘गोरा’ नाही म्हणून त्याला नागरिकत्व नाही असं ठरवलं होतं, आणि १९६५ च्या ज्या कायद्याने आपल्यासारख्यांना इथे येता आलं तो ब्लॅक लोकांच्या नागरी हक्कांच्या लढ्यामागोमाग आला. ज्या मुलांना ही पोरं मराठीतून नावं ठेवतात त्यांच्या आजी-आजोबांचे उपकार आहेत आपल्यावर, आणि हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तुमच्या प्रश्नात मधेच येऊन गेलं. तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्यात. मुलांना रेसिझम समजावा ही एक, आणि एका मुलीला आत्ता त्रास होतोय ही दुसरी. दुसऱ्या गोष्टीवर वर्कशॉप हा उपाय नाही. तिला सगळ्या वर्गासमोरचा धडा बनवलंत तर २१ डोकी तिच्याकडेच वळतील, कितीही नाव न घेता बोललात तरी. त्या दोन मुलांना बाजूला घ्या, वेगवेगळं, आणि स्पष्ट सांगा की हे इथे चालणार नाही. त्यांच्या आईवडलांशी बोला, पण दोष द्यायच्या सुरात नको. कारण ‘उन्हात जाऊ नको काळी पडशील’, ‘मुलगी गोरी आहे हो’ हे आपल्या घराघरात सहज बोललं जातं, पोरं ते शब्द तिथूनच उचलतात, आणि बहुतेक पालकांना ते लक्षातच आलेलं नसतं. माझ्याही घरी बोललं जायचं, माझ्या आईला हे सांगायला मला चाळिशी उजाडावी लागली.

आणि त्या मुलीला विचारा. खेळाबद्दल नाही, तिला काय हवंय ते. कदाचित ती म्हणेल फक्त माझी जागा बदला. कदाचित काहीच म्हणणार नाही, तरी तुम्ही विचारलंत हे तिला कळेल.

म्हणून क्रम असा ठेवा: या रविवारी ती मुलगी आणि ते दोघं. मग तीन-चार आठवडे आजीची मुलाखत, वाचन, आणि मुलांना चार-पाचच्या गटात असं काम की प्रत्येकाकडे माहितीचा एकच तुकडा, सगळ्यांचे जोडल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही. ही पद्धत एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत आणली, तेव्हा गोरी, ब्लॅक आणि मेक्सिकन मुलं नुकतीच एका वर्गात आलेली आणि नुसती धुसफूस चालू होती. मला विचाराल तर रोजच्या वागण्यात फरक पडायला या संथ कामाचा जास्त उपयोग होतो. चिप्सचा खेळ त्यानंतर, मुलांना एकमेकांची थोडी सवय झाल्यावर.

२२ जणांसाठी गट ६, ८ आणि ८ असे करा, वरचा गट सहाचा. ती सावळी मुलगी खेळणार असेल तर ती कुठल्या गटात जाईल हे चिठ्ठीवर सोडू नका, तुम्ही ठरवा, आणि त्या दोघांना वरच्या गटात ठेवू नका, नाहीतर नियम बनवताना ते कोणावर बेततील सांगता येत नाही. चिप्स नसतील तर पुठ्ठ्याचे रंगीत तुकडे चालतात, मी सुरुवातीला कॅरमच्या सोंगट्या वापरायचे. पालकांना पाठवायच्या पत्राचा माझा मसुदा आहे मराठीत, हवा असेल तर सांगा, पाठवते.